गोलात उभा राहिलेला विकेटकीपर

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात बॅटला हात लावलेला नाही की फुटबॉलला पाय. आणि नऊ वर्षं ते चरित्र कुणाचं लिहीत होते? तर उन्हाळाभर क्रिकेट आणि हिवाळाभर फुटबॉल खेळण्यापलीकडे ज्यानं काडीचं काम केलं नाही, अशा एका जुन्या इंग्रजाचं. साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे ते. शाळेच्या ग्रंथालयानं रद्दीत काढलेल्या एका जाडजूड पुस्तकात त्यांना हा गृहस्थ चार ओळींत सापडला आणि त्यांनी जो ध्यास घेतला तो घेतलाच. आमच्या घरात त्याला नावानं कुणी ओळखत नाही. तो फक्त ‘साहेब’. सासूबाई होत्या तेव्हा फोनवर आम्हा सगळ्यांची खुशाली विचारून झाली की शेवटी साहेबाचं कितवं प्रकरण चालू आहे तेही सांगायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे हेच माझे सासरे, नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आले. बॅगेत थालिपिठाची भाजणी, मेतकूट, बीपीच्या गोळ्या आणि साहेबाची सव्वाचारशे पानं. दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याला वाचन सुरू झालं. मी ऑफिसच्या घाईत, बायको लॅपटॉप उघडून मीटिंगला बसलेली, दहा वर्षांची लेक ब्रेडवर चॉकलेट फासतेय आणि बाबा खणखणीत आवाजात वाचताहेत: साहेब लग्नाच्या दिवशी सकाळी सामना खेळायला गेला, कुणाला आउटच होईना, म्हणून चर्चमध्ये पॅडसकट उशिरा पोहोचला. साहेब फुटबॉल खेळताना खाली मान घालून चेंडू एकटाच पुढे नेत असे, दुसऱ्याला पास देणं म्हणजे त्याला भित्रेपणा वाटे. साहेबाच्या बॅटची कड लागून झेल गेला, तर पंचाकडे न बघता तो सरळ तंबूकडे चालू पडे.

“आणि एक पैसुद्धा घेतली नाही हो त्यानं कधी,” बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणायचे. “निव्वळ आनंदासाठी खेळला. असा माणूस होणे नाही.”

“म्हणजे माझ्यासारखाच,” मी म्हणायचो.

“तुम्ही झेल सोडता, जावईबापू.”

सोडतो, कबूल आहे. पण अकरा वर्षं सोडतोय, तेही काय साधं आहे? आमच्या घरापासून सायकलनं बारा मिनिटांवर एक फेराइन आहे, म्हणजे गावचा क्रीडासंघ. त्यात फुटबॉल आहे, टेबल टेनिस आहे, म्हाताऱ्या बायकांची कवायत आहे आणि कोपऱ्यात, फुटबॉलच्या मैदानापलीकडे, आमची क्रिकेटची हिरवी मॅट आहे. म्हणजे होती. दोन-तीन पीएचडीवाले, चार सॉफ्टवेअरवाले, एक दातांचा डॉक्टर असे आम्ही जमायचो. शनिवारी त्या मॅटमागे उकिडवा बसलो, ग्लोव्हजचे दोन्ही पंजे एकमेकांवर आपटले आणि “चल, चल, चल, एकच काढायचीय!” असं मोकळ्या गळ्यानं ओरडलो की आठवडाभर ऑफिसात ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, करून आखडलेला जबडा सैल व्हायचा. या देशात मला कुणी वाईट वागवलेलं नाही. पण मोठ्यानं ओरडायला जागा ती एकच होती. ती गेली तर मी काय करीन, याचा विचारही मला नको वाटायचा.

आणि नेमकी तीच जायची वेळ आली. फुटबॉलवाल्यांना तो कोपरा लहान मुलांच्या सरावासाठी हवा होता. फेराइनच्या सभेत हात वर करून ठरणार, आणि हात त्यांचे नव्वद, आमचे तेरा. मी रागारागानं ‘आल्टे हेरन’च्या कप्तानाला गाठलं. आल्टे हेरन म्हणजे चाळिशी उलटलेल्यांचा फुटबॉल संघ. कप्तान निवृत्त पोस्टमन, सहा फूट उंच, गुडघ्याला कायम पट्टा, बोलणं मोजकं, पण सगळे फुटबॉलवाले त्याचं ऐकत. मी तावातावानं पंधरा मिनिटं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आल्झो, बरं. तू तिकडे काय खेळतोस? हातात ते मोठे मोजे घालून?”

“विकेटकीपर.”

“कीपर,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले.

त्याचं दुःख वेगळंच होतं. दरवर्षी मोसमाच्या शेवटी शेजारच्या गावाशी त्यांचा सामना होतो आणि सलग आठ वर्षं हे हरले होते. त्यात त्यांचा गोलकीपर पाठ धरून बसलेला आणि पळू शकणारे खेळाडू उरले होते जेमतेम पाच. पोस्टमननं सौदा मांडला: तू गोलात उभा राहा, पळायला दोन माणसं आण. सामना हरलो नाही, तर माझी माणसं सभेत तुमच्या बाजूनं हात वर करतील. बरोबरी झाली तरी चालेल. हरलो, तर मी त्यांना काही सांगू शकणार नाही. मी तिथल्या तिथे हात पुढे केला. जन्मात कधी फुटबॉलच्या गोलात उभा राहिलो नव्हतो.

घरी येऊन सांगितल्यावर बायको कपाळाला हात लावून हसली. लेक म्हणाली, “पापा, नाइन! नको!” आणि हसत सोफ्यावर लोळली. बाबा मात्र उठून उभे राहिले. “दोन्ही खेळ!” ते म्हणाले. “अहो, तुम्ही दोन्ही खेळ खेळणार! साहेबासारखे!” नऊ वर्षं कागदावरच पळालेला माणूस आता त्यांना घरातून मैदानावर जाताना दिसणार होता.

पुढचे तीन आठवडे म्हणजे नुसता धिंगाणा. रोज संध्याकाळी सातलाही सूर्य चांगला वर असायचा, मी गोलात, आमचे दोन पीएचडीवाले पोरगे माझ्यावर चेंडू मारताहेत आणि गोलाच्या मागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल घेऊन, माकडटोपी घालून बाबा. जूनमध्ये माकडटोपी! “वारं आहे हो इथलं बेभरवशाचं.” मी झेप घेऊन चिखलात तोंडावर पडलो की जाळीतून आवाज यायचा, “साहेबाच्या पठडीतले लोक झेप घेत नसत. ताठ उभे राहत.”

“मग गोल होत नसत का?”

“भरपूर होत. पण ताठ उभं राहून होत.”

पेनल्टीचं प्रकरण त्यांनी मला तिथेच ऐकवलं. पेनल्टीचा नियम आला तेव्हा साहेब म्हातारा झाला होता, पण हे ऐकून भयंकर चिडला. सभ्य माणूस मुद्दाम पाय घालतो असं गृहीत धरणारा नियम? त्याच्या तालमीत तयार झालेल्यांनी मग एक रीतच पाडली. आपल्याविरुद्ध पेनल्टी मिळाली की त्यांचा गोलकीपर बाजूला व्हायचा, खांबाला टेकून उभा राहायचा आणि समोरच्याला मोकळा गोल द्यायचा. चूक आपली, तर शिक्षा पुरती घ्यायची. मला ते ऐकून हसू आवरेना. पण खोटं कशाला बोलू, आतून काहीतरी हललंही. रुबाब होता त्यात.

सामन्याच्या रविवारी ऊन कडक होतं. मैदानाच्या कडेला सॉसेज भाजली जात होती, आमच्या क्रिकेटवाल्यांच्या बायकांनी बटाटेवडे आणले होते आणि पोस्टमनची माणसं हातात एकेक वडा घेऊन “शार्फ! शार्फ!” म्हणत डोळ्यांतलं पाणी पुसत होती. मिरचीनं रडणाऱ्या बचावफळीवर आमच्या मॅटचं भवितव्य! समोरच्या गावाचा मुख्य खेळाडू होता तिथला खाटीक. पोट भलंमोठं, पण पाय असा की नेम चुकला तर खांब वाकावा. पंच एक तरुण बाई, केसांची घट्ट शेपटी, चेहऱ्यावर हसू नावाला नाही.

काय सांगू, मी खेळलो! दोन गोल खाल्ले, पण सात वाचवले. आमच्या एका पोरानं एक गोल केला, पोस्टमननं पट्ट्याच्या गुडघ्यानं दुसरा. दोन-दोन. मी गोलात उभा राहून चक्क मराठीत ओरडत होतो आणि आमची सगळी आल्टे हेरन मंडळी मी काय ओरडतोय ते काहीही न कळता “या! या!”, म्हणजे ‘हो, हो’, करत होती. मला अकरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण या गावचे आहोत. डोकं अगदी हलकं झालं होतं, मे महिन्यात उसाचा रस प्यायल्यावर होतं तसं.

शेवटचं मिनिट. चेंडू सुटा झाला, खाटीक धावत आला, मीही धावलो. मी चेंडूवर पडलो आणि माझ्या डाव्या हातानं, कसं ते मला आजही माहीत नाही, त्याचा घोटा धरला. चांगला घट्ट धरला. तो धाडकन कोसळला, चेंडू बाहेर गेला. पंचबाईंच्या आणि आमच्या मध्ये चार माणसं होती. तिनं कॉर्नरकडे बोट दाखवलं. खाटीक हात पसरून ओरडत होता, पण तो दर दहा मिनिटांनी ओरडतच होता, त्यामुळे तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

वाचलो! असं वाटलं फक्त अर्धा सेकंद. मागे जाळीपलीकडे बाबा अगदी सहा फुटांवर. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते फक्त खाकरले.

त्या खाकरण्यानं माझा घात केला. हात आपोआप वर गेला. “फाऊल,” मी म्हणालो. “मी पाय धरला त्याचा.” पोस्टमनच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. पंचबाईंनी दोनदा विचारून खात्री केली आणि पेनल्टी दिली. आणि आता एवढं केलंच आहे तर पुरतंच करावं, अशी मला काही सुरसुरी आली की विचारू नका. मी ऐटीत चालत गेलो, डाव्या खांबाला टेकलो, हाताची घडी घातली आणि खाटकाला मोकळ्या गोलाकडे बोट दाखवलं. घ्या!

“तिथं काय करताय तुम्ही?” पंचबाई.

मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावू लागलो की पूर्वी इंग्लंडमध्ये सभ्य माणसं...

“हे इंग्लंड नाही. गोलकीपरनं रेषेवर उभं राहायचं असतं.” आणि खिशातून पिवळं कार्ड काढून तिनं माझ्या नाकासमोर धरलं. कारण काय लिहिलं तिनं वहीत? उनश्पोर्टलिश. म्हणजे खिलाडूवृत्तीला न शोभणारं वर्तन! मागून बाबांचा आवाज आला, “अहो, हा अन्याय आहे!” खाटीकही भडकला होता. मोकळ्या गोलात मारायला मी काय लहान मूल आहे का, असं तो चारचौघांना विचारत होता.

मग मी रेषेवर जाऊन उभा राहिलो. ताठ. ठरवलं की हलायचंच नाही. खाटकानं रागानं डोळे मिटून मारला असावा, कारण चेंडू आला तो सरळ माझ्या छातीवर. आणि अकरा वर्षांची सवय! हात आपोआप मिटले. धप्प. झेल!

पकडला! अरे, पकडला मी! डोळ्यांपुढे मॅट दिसली, सभेत वर गेलेले नव्वद हात दिसले. आणि जे मी जन्मभर प्रत्येक झेलानंतर केलं तेच केलं. “हाऊज़ॅट!” म्हणून बोंबललो, चेंडू उंच हवेत भिरकावला आणि दोन्ही हात पसरून पळत सुटलो. आमचे दोन्ही पोरगे तसेच हात पसरून माझ्याकडे धावले. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, नाचलो. लहानपणापासून तेच करत आलोय हो! झेल घेतला की चेंडू वर उडवायचा, चेंडूचं काम तिथे संपलेलं असतं.

इथे संपलेलं नव्हतं. चेंडू वर गेला, खाली आला, गोलासमोरच्या गवतावर एक टप्पा पडला, मग दुसरा, आणि अगदी सावकाश, कुणालाही धावून अडवता आला असता इतक्या सावकाश, रेषेच्या आत गेला. शिट्टी वाजली. आम्ही अजून नाचतच होतो. नाच थांबला तो लेकीच्या आवाजानं. ती कडेला उभी राहून फोनवर शूटिंग करत होती आणि हसता हसता तिला बोलताही येत नव्हतं. “पापा... टोर! टोर!” गोल.

तीन-दोन. सामना संपला. समोरच्या गावाची माणसं गवतावर लोळून हसत होती. मग पोस्टमनही हसायला लागला, पट्टा धरून, वाकून. मीही हसलो. रडायचं होतं, पण सगळे इतके हसत होते की ते जमेना. खाटकानं येऊन मला उचललंच. त्या दिवशी जेवढे लोक माझ्या पाठीवर थोपटून गेले तेवढे माझ्या लग्नातही आले नव्हते.

सभेत मात्र आमच्या बाजूनं हात वर झाले ते तेराच. पोस्टमन खाली बघत बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं मला बिअर दिली आणि म्हणाला, ठरलं होतं तसंच झालं. मी मान हलवली. खरंच ठरलं होतं तसंच झालं होतं, त्याला काय बोलणार? पण घरी येताना सायकलवर मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलोसुद्धा नाही, कारण रस्ता वस्तीतला होता.

त्यातही कहर म्हणजे मॅट काढायचं काम आमच्याच माथी आलं. फेराइनच्या प्रत्येक सभासदाला वर्षात काही तास श्रमदान करावं लागतं आणि पोस्टमननं यादीत आमच्या नावापुढे लिहिलं होतं: क्रिकेटची मॅट गुंडाळणे. शनिवारी सकाळी आम्ही आठजण जमलो. खिळे उपटले. बावीस यार्ड लांब, पावसाचं पाणी पिऊन जड झालेली मॅट. ओणवं होऊन लोटायची, दहा पावलं गेलं की थांबायचं. पहिल्यांदा खूप विनोद झाले. कुणी माझा तो गोल करून दाखवला, मीच दोनदा करून दाखवला. हसून हसून मॅट हातातून सुटत होती. पण मॅटखालून पिवळं, मेलेलं गवत उघडं पडत गेलं तसे विनोद थांबत गेले.

बाबा कडेला उभे होते. मी मधे पाठ सरळ करायला थांबलो तेव्हा म्हणालो, “बाबा, तुमच्या साहेबाचं ऐकलं नसतं तर आज आपण इथे खेळत असतो.” चिडून नाही म्हणालो. थोडंसं चिडून म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, “साहेबाचं घरामागे स्वतःचं मैदान होतं, जावईबापू. तो हरला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं मैदान तिथेच असायचं. हे मी लिहिलंय. सातव्या प्रकरणात, फार कौतुकानं लिहिलंय.” मग ते त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. “पण ते मैदान लाटायचं कोण हो? एवढा मोठा रूळ ओढणारं कुणीतरी असणारच की रोज. नऊ वर्षांत मला विचारावंसंही वाटलं नाही.” त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, पँट दुमडली आणि माझ्याशेजारी मॅटला हात लावला. मी नको म्हणालो, त्यांच्या बीपीची आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं नाही. वीस पावलं त्यांनी आमच्याबरोबर मॅट लोटली.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. सव्वाचारशे पानांचा गठ्ठा दोरीनं बांधून खुर्चीखाली सरकवलेला, समोर लेकीची चौकटीची कोरी वही. पहिल्या पानावर ‘रूळ ओढणारा’ एवढं लिहून खाली दोन ओळी खोडलेल्या. व्हिसाचे अकरा दिवस उरले होते.

“बाबा, परत पहिल्यापासून?”

“चहा ठेवा,” ते म्हणाले. “आणि मला एक सांगा. ती मॅट लोटताना कंबर नक्की कुठे दुखते? माझी तर सगळीच दुखतेय, त्यामुळे कळत नाही. तुमची आधी कुठे दुखायला लागली?”

मी गॅस लावला, त्यांच्याकडे पाठ करून ओणवा झालो आणि बोट ठेवून दाखवलं.